काच सरकवणे सोपे, थांबवणे महत्त्वाचे



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मिक्सर, इन्व्हर्टर आणि पाण्याच्या मोटरचे प्रश्न जास्त असतात. या महिन्यात एका वाचक भगिनीने वेगळाच प्रश्न पाठवला आहे. त्या लिहितात, "सर, माझे भाईजान अमेरिकेत टेक्सासला असतात. त्यांनी जुना पिकअप ट्रक घेतला आहे. त्याची मागची काच हाताने सरकवावी लागते. गाडी चालवताना हात पोहोचत नाही, म्हणून त्यांनी ती बटणावर उघडेल असे काहीतरी घरीच करायचे ठरवले आहे. माझा मुलगा आयटीआयला आहे. मामू-भाचे रोज फोनवर त्याचे नकाशे काढत बसतात. पण त्या गाडीत मागच्या सीटवर माझे दोन भतीजे बसतात, एक चार वर्षांचा आणि एक सहा. यात काही धोका आहे का?"

आपा, प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. धोका आहे, पण तो समजून घेतला तर टाळताही येतो. शिवाय या एका काचेत दहावीच्या विज्ञानातला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा बराचसा सामावला आहे. म्हणून पत्राचे उत्तर सगळ्यांसमोर देतो.

ही काच कुठली?

आपल्याकडे पिकअप म्हटले की आंब्याच्या पेट्या, मासळी, कोंबड्या किंवा सिमेंटची पोती डोळ्यांसमोर येतात. पुढे ड्रायव्हर आणि क्लीनर, मागे माल. अमेरिकेत पिकअप ही घरातली गाडीही असते. पुढे दोन आणि मागे तीन माणसे बसतील अशी केबिन आणि तिच्या मागे उघडा हौदा. केबिन आणि हौदा यांच्यामध्ये जी काच असते, तिचे अनेक गाड्यांत तीन भाग असतात. दोन बाजूंचे पक्के आणि मधला आडवा सरकणारा. मधला भाग सरकवला की फूट-सव्वा फुटाची फट होते. त्यातून वारा खेळतो, हौद्यातल्या माणसाशी बोलता येते, मागे ट्रेलर जोडताना बाहेरच्याचा आवाज ऐकू येतो.

मागची काच यंत्राने उघडावी ही कल्पना जुनी आहे. १९४० च्या सुमारास पॅकार्ड कंपनीने दारांच्या काचा तेलाच्या दाबावर वरखाली करणारी यंत्रणा आणली. १९५७ मध्ये मर्क्युरी कंपनीच्या टर्नपाइक क्रूझर या गाडीत मागची काच बटणावर खाली उतरत असे. तेव्हा गाड्यांत एसी फारसे नव्हते. पुढून आलेली हवा मागून बाहेर पडावी, एवढाच त्यामागचा विचार. पुढे २००७ च्या टोयोटा टुंड्राच्या मोठ्या केबिनच्या गाडीत मागची अख्खी काच बटणावर खाली जाऊ लागली. पण अशी सोय बहुधा महागड्या मॉडेलमध्ये मिळते. साधे मॉडेल घेतलेल्याला हाताचा खटका मिळतो आणि तो ड्रायव्हरच्या सीटपासून दूर असतो. कंपनीची मोटरवाली अख्खी काच बदलून घ्यायची तर खर्च मोठा. म्हणून तिथले हौशी लोक घरच्या गॅरेजात बसून स्वतःच हा जोड तयार करतात. हे हुनराचे काम आहे, त्यात वाईट काही नाही.

खिमा मशीन आणि ॲक्चुएटर

काच आडवी सरकवायची आणि मोटर तर गोल फिरते. गोल फिरण्याचे सरळ जाण्यात रूपांतर कसे करायचे? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. खिमा करायची हाताची मशीन आठवा. दांडा फिरवला की आतला स्क्रू जागच्या जागी फिरतो आणि मांस मात्र पुढे पुढे सरकते. लिनियर ॲक्चुएटर नावाच्या वस्तूत हेच होते. मोटर एका लांब स्क्रूला फिरवते. स्क्रूवर एक नट बसवलेला असतो. नटला स्वतःभोवती फिरू दिले जात नाही, म्हणून तो पुढे किंवा मागे सरकतो. नटाला जोडलेला दांडा काचेला ढकलतो किंवा ओढतो. दवाखान्यातला बटणावर उंच होणारा पलंग याच तत्त्वावर चालतो.

दुसरा मार्ग म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीच्या दारातली काचेची मोटर. तिच्या चाकावर तार गुंडाळलेली असते. एक बाजू ओढली की काच उघडते, दुसरी ओढली की बंद होते. विहिरीच्या रहाटासारखेच. कोणताही मार्ग घ्या, पहिली पायरी एकच. काच जिच्यात सरकते ती खाच साफ करायची. तिच्यात धूळ, पाला आणि सुकलेली माती असते. तेल किंवा ग्रीस लावू नये, त्याला धूळ चिकटते. सिलिकॉनचा फवारा चालतो. पुष्कळदा एवढ्यानेच काच बोटाने सरकू लागते.

मग ताकद मोजायची. आखातात ये-जा असणाऱ्या घरांत बॅग तोलायचा हुकवाला काटा असतोच. तो काचेच्या मुठीला अडकवून हळू ओढावा. काटा समजा ४ किलो दाखवतो. म्हणजे काच हलवायला सुमारे ४० न्यूटन बल लागते. थोडी जास्तीची ताकद धरली तरी ६० ते ७० न्यूटन पुरे.

इथेच बाजारात गफलत होते. मिळणारे ॲक्चुएटर अनेकदा १५०० न्यूटनचे असतात. म्हणजे जवळजवळ दीडशे किलो वजन उचलण्याइतकी ताकद. "जास्त ताकद म्हणजे चांगली वस्तू" असे समजून लोक तेच घेतात. जिथे चार किलोचे काम आहे तिथे दीडशे किलोचा पहेलवान आणून बसवतात.

हाताला कळते, मोटरला कळत नाही

आपण हाताने खिडकी लावतो तेव्हा नकळत एक मोठी गोष्ट करत असतो. मध्ये काही अडकले, बाळाचे बोट आले, तर हाताला लगेच जाणवते आणि हात थांबतो. मोटर लावली की ही जाण निघून जाते. मोटरला कापूस आणि बोट यांतला फरक माहीत नसतो. तिला वीज मिळते तोवर ती ढकलत राहते. म्हणून अशा कामात काच हलवणे हा सोपा भाग. ती योग्य वेळी थांबवणे, हे खरे काम.

अमेरिकेत यासाठी नियम आहेत. तिथल्या ११८ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकानुसार चावी फिरवलेली नसताना आपोआप बंद होऊ शकणाऱ्या काचेने मध्ये काही आले तर १०० न्यूटनचा दाब पडण्याआधी उलट फिरले पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचे वजन. आता ते १५०० न्यूटन आठवा आणि चार वर्षांच्या मुलाची मान डोळ्यांसमोर आणा.

बटणाचाही नियम आहे. पूर्वी अनेक गाड्यांत काचेचे बटण झोपाळ्यासारखे असे. एक बाजू दाबली की काच उघडे, दुसरी दाबली की बंद होई. मूल दाराच्या टेकणावर गुडघा ठेवून बाहेर डोकावे, गुडघा त्याच बटणावर पडे आणि काच वर येई. असे अपघात झाल्यावर २००५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला की काच बंद करायचे बटण वर किंवा बाहेर ओढावे लागेल असेच असावे. गुडघ्याने बटण दाबले जाते, ओढले जात नाही. किती साधा उपाय!

पण हे नियम गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. घरच्या गॅरेजात काम करणाऱ्याकडे कोणी तपासनीस येत नाही. तिथे कंपनीचा इंजिनिअरही आपण आणि तपासनीसही आपणच. ही जिम्मेदारी मोठी आहे.

वीज काय सांगते?

मोटरची दिशा बदलायची तर विजेची दिशा बदलावी लागते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मुलांना आठवत असेल. चुंबकीय क्षेत्र तेच ठेवून प्रवाह उलटा केला की बलाची दिशा उलटते. गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीचे दोन टोक अदलाबदल करायचे, एवढेच. यासाठी सहा पायांचा स्विच मिळतो. तो असा घ्यावा की बोट काढताच आपोआप मधल्या बंद जागेवर परत येईल. एकदा दाबून विसरता येईल असा स्विच इथे कधीच नको.

दुसरी गोष्ट. मोटर फिरत असताना ती स्वतःच थोडी उलटी वीज तयार करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. मोटर अडकून थांबली की ही उलटी वीज नाहीशी होते. समजा मोटरच्या तारेचा रोध २ ओहम आहे. फिरताना ती २ अँपिअर घेत असेल तर अडकल्यावर १२ भागिले २, म्हणजे ६ अँपिअर घेईल. तिप्पट! हा जादा प्रवाह उष्णता निर्माण करतो, तार तापते, आवरण वितळते आणि सीटच्या फोमला आग लागू शकते. म्हणून फ्यूज हवाच आणि तो बॅटरीच्या जवळ हवा. फ्यूज तारेचे रक्षण करतो. बोटाचे रक्षण करण्याइतका तो चपळ नसतो, हे लक्षात ठेवावे.

काच टोकाला पोहोचली की मोटर आपोआप बंद व्हावी यासाठी दोन्ही टोकांना छोटे स्विच असतात, त्यांना लिमिट स्विच म्हणतात. टोकाला येताच स्विच दाबला जातो आणि वीज तुटते. मग काच परत कशी फिरते? त्या स्विचला जोडून एक डायोड असतो, जो विजेला फक्त उलट दिशेने जाऊ देतो. बऱ्याच ॲक्चुएटरमध्ये हे आतच बसवलेले असते. पण लिमिट स्विच फक्त टोक ओळखतो. वाटेत काही अडकले तर त्याला पत्ता नसतो.

चुंबकाची युक्ती

स्क्रूवर चालणाऱ्या ॲक्चुएटरचा आणखी एक स्वभाव आहे. वीज गेली तरी तो जागेवर घट्ट राहतो. चोरापासून बचावासाठी हे चांगले. पण काही अडकलेच आणि फ्यूज उडाला, तर काच हाताने मागे ढकलता येत नाही. संकटाच्या वेळी आई-बाप काच ओढत राहतील आणि ती हलणार नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकारातला हा सगळ्यात मोठा धोका आहे.

यावर स्वस्त उपाय म्हणजे दांडा काचेला बोल्टने पक्का न जोडता चुंबकाने जोडणे. ६ ते ७ किलोच्या ओढीला सुटेल असा चुंबक घेतला की काचेचे रोजचे काम होते. मध्ये हात आला तर चुंबक सुटतो आणि काच तिथेच राहते. काच हाताने केव्हाही मागे घेता येते. मात्र एक खुबी आहे. काच बंद होताना दांड्याने तिला चुंबकाने ओढले पाहिजे. दांडा मागून ढकलत असेल तर चुंबक काचेवरच दाबला जाईल, सुटणार कसा? म्हणून ॲक्चुएटर कोणत्या बाजूला बसवायचा हे आधी ठरवावे. मग तोच हुकवाला काटा घेऊन चुंबक खरोखर किती किलोला सुटतो ते मोजावे. अंदाजावर सोडू नये.

काचेबद्दल दोन शब्द. गाडीची मागची काच कडक केलेली असते, म्हणजे कारखान्यात तापवून झटकन थंड केलेली. तिला नंतर भोक पाडता येत नाही. ड्रिल लावताच तिचा चुरा होतो. पट्टी चिकटवावी लागते किंवा काचेच्या चौकटीला धरावी लागते. ओढ खाचेच्या जवळ द्यावी. लाकडी कपाटाचा खण एका कोपऱ्याने ओढला की तिरका होऊन अडकतो, तसेच काचेचे होते. तारा सीटबेल्टच्या वाटेत येऊ नयेत. छताच्या कडेने एअरबॅग असेल तर तिथून तार अजिबात नेऊ नये.

न दिसणारा धोका

मागची काच बटणावर आली की ती जास्त वेळा उघडी राहणार. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. धुळीच्या रस्त्यावर गाडीच्या पाठीवर धूळ चढते ती यामुळेच. त्याच वाटेने सायलेन्सरचा धूरही उघड्या मागच्या काचेतून आत ओढला जाऊ शकतो. हौद्यावर टपाचे झाकण बसवले असेल आणि मागचे फाटक उघडे असेल तर धोका वाढतो.

धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे होणारे मृत्यू याच वायूमुळे होतात. आधी डोके दुखते, मळमळते, झोप येते. मागच्या सीटवरची मुले झोपली की आपण म्हणतो, प्रवासात दमली. म्हणून मागची काच उघडायची तेव्हा पुढून बाहेरची ताजी हवा आत येईल अशी झडप उघडी ठेवावी आणि पंखा चालू ठेवावा. सायलेन्सर गळका असेल तर तो आधी दुरुस्त करावा. गाडी उभी करून इंजिन चालू असेल तेव्हा मागची काच बंदच ठेवावी.

आपा, भाईजानना एवढे सांगा

एक, काटा लावून ताकद मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

दोन, ॲक्चुएटर कमी ताकदीचा आणि हळू चालणारा घ्या. सेकंदाला १० मिलिमीटर सरकणारा ३०० मिलिमीटरच्या फटीला अर्धा मिनिट घेईल. त्या अर्ध्या मिनिटात मूल ओरडू शकते आणि मोठ्यांचे बोट बटणावरून उठू शकते.

तीन, काच आणि दांडा यांच्यात सुटणारा जोड ठेवा.

चार, बटण फक्त ड्रायव्हरपाशी ठेवा, मागच्या सीटजवळ नको. वीज अशा ठिकाणाहून घ्या की चावी काढल्यावर बटण मृत होईल. गाडीत एकटी राहिलेली मुले सगळी बटणे दाबून पाहतात.

पाच, काम झाल्यावर पहिली चाचणी मुलांवर घेऊ नका. काचेच्या वाटेत गाजर धरा. गाजराचे दोन तुकडे झाले किंवा त्यावर खोल खूण पडली, तर काम अजून पूर्ण झालेले नाही.

हे पाचही जमत नसेल तर हाताचा खटकाच बरा. त्याने आजवर कोणाचा गळा दाबलेला नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडच्या मालवाहू पिकअपची मागची काच बहुतेक वेळा पक्की असते, म्हणून हा प्रश्न सहसा येत नाही. पण गाडीत मनाने बदल करण्याची हौस आपल्यातही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. काहीही बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

मात्र बटणाच्या काचा आता आपल्या घरोघरच्या गाड्यांत आल्या आहेत. लग्नाला निघालेल्या गाडीत पाच-सहा मुले मागे बसतात आणि डोकी बाहेर काढतात. ड्रायव्हरच्या दारावर मागच्या काचा बंद ठेवण्याचे कुलूपबटण असते. आज संध्याकाळीच ते शोधा आणि दाबून ठेवा. काच लावण्याआधी मोठ्याने "हात आत घ्या" म्हणायची सवय लावा. गाडीतून उतरताना चावी सोबत घ्या.

मुलांसाठी या महिन्याचा प्रयोग

बुटांचा रिकामा खोका, पुठ्ठ्याची एक पट्टी, दोरा, खेळण्यातली गिअरवाली मोटर, चार सेल, सहा पायांचा स्विच आणि टॉर्चचा छोटा जुन्या पद्धतीचा बल्ब घ्या. एलईडी नको. पट्टी ही तुमची काच, दोरा ही तिची तार. स्विचच्या मधल्या दोन पायांना मोटर जोडा. वरच्या दोन पायांना सेलची धन आणि ऋण टोके जोडा. मग वरचे पाय खालच्या पायांना तिरके, फुलीसारखे जोडा. बल्ब मोटरच्या एका तारेत मध्येच बसवा.

स्विच एकीकडे दाबला की काच उघडेल, दुसरीकडे दाबला की बंद होईल. आता सरकती पट्टी बोटाने अडवा आणि बल्बकडे पाहा. तो एकदम जास्त उजळेल. तो प्रकाश म्हणजे अडकलेल्या मोटरने मागितलेली जादा वीज. ती का वाढली, हे दोन वाक्यांत लिहून पाठवा. योग्य उत्तरे पाठवणाऱ्यांची नावे पुढच्या अंकात छापू.

पुढच्या महिन्यात पावसाळ्यात इन्व्हर्टरची बॅटरी कशी सांभाळावी, यावर बोलू. खुदा हाफिज.